महिपतरावांचा डावा हात

कल्याण पूर्व
३ सप्टेंबर २०२३

वल्लरी,

तुझा फोन लागत नाही, मेसेजवर एकच टिक दिसते. म्हणजे ब्लॉक केलंयस. पण डोंबिवलीच्या तुमच्या घराचा पत्ता मला पाठ आहे, एमएच्या दोन वर्षांत तिथे इतक्यांदा जेवलेय. म्हणून पोस्टाने लिहितेय. पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही.

क्लिनिकल सायकॉलॉजीचा कोर्स सुरू झाला. माजिवड्याच्या पुढे, आपण दोघी लेखी परीक्षेला गेलेलो तीच बिल्डिंग. आता मागच्या दाराने जाते, तिथून हॉस्पिटलचा वॉर्ड जवळ पडतो.

आजीला अजून पटलेलं नाही. "एमए झालीस ना? परत शाळा कसली?" तिला सगळं पहिल्यापासून सांगितलं. एमएला पंचावन्न टक्के हवेत, मग लेखी परीक्षा, मग मुलाखत, आणि जागा मोजून बारा. त्यातून आत गेलं की चार वर्षं. पहिली दोन हॉस्पिटलात, मोठ्यांच्या नजरेखाली पेशंट बघायचे, चाचण्या घ्यायच्या, प्रत्येक पेशंटची हकीकत लिहून दाखवायची. नंतर प्रबंध, तोंडी परीक्षा. मग नावाआधी डॉक्टर.

"आणि सुई टोचायची नाही?"

"नाही."

"गोळी?"

"नाही."

"मग करायचं काय?"

"ऐकायचं, आजी."

"ऐकायला चार वर्षं शिकवतात?" हसत नव्हती, खरंच विचारत होती.

यादी लागली तेव्हा आपण फोनवर होतो. यादीत नुसती नावं होती, कोण कुठल्या प्रवर्गातून ते नव्हतं. माझं नाव होतं. तुझं वेटिंग लिस्टवर होतं, पहिलं. तू म्हणालीस, "तुझं बरं आहे बाई. तुमचं असतंच." आणि फोन ठेवलास.

त्या "तुमचं"वर मी अजून अडकलेय. वर्षभर आपण तुझ्या गॅलरीत बसून एकमेकींच्या खोट्या मुलाखती घेतल्या, तेव्हा आपलं सगळं "आपलं" होतं. मी कुठल्या जागेवरून आले ते तुला सांगणार नाही. मार्कही सांगणार नाही. विचारलं असतंस तर सांगितलं असतं. तू विचारलं नाहीस, तू मलाच सांगून मोकळी झालीस.

भांडायला लिहीत नाहीये. इथे रोज जे बघतेय ते समजेल असं माझ्या ओळखीत तुझ्याशिवाय कुणी नाही, म्हणून लिहितेय. मी असं का करते, हे माझं मलाही नीट कळलेलं नाही.

प्रियांका


कल्याण पूर्व
१९ ऑक्टोबर २०२३

वल्लरी,

उत्तर येईल असं वाटलं नव्हतंच.

आमच्या गाइड म्हात्रे मॅडम. पन्नाशीच्या, बारीक, सुती साडी, पायात स्पोर्ट्स शूज. मी "पेशंट उदास वाटतो" असं लिहिलेलं. त्यांनी खोडलं. "तुला काय वाटतं ते नको. तो काय म्हणाला ते त्याच्या शब्दांत लिही." मी परत लिहिलं. परत खोडलं. ज्याने माहिती दिली त्या नातेवाइकाचं नाव, नातं, तो पेशंटसोबत राहतो का, त्याच्या बोलण्यावर किती भिस्त ठेवायची, हे सगळं आधी हवं. आमच्याकडच्या एकेकाची हकीकत चार-चारदा परत आलीय. पेशंट आम्हाला "डॉक्टर" म्हणतात, तर मॅडम लगेच टोकतात. "ताई म्हणा. डॉक्टर व्हायचीय अजून."

आता जे सांगायचंय ते सप्टेंबरच्या शेवटी घडलेलं. (माणसं ओळखू येतील असं मी काही लिहिणार नाही. गाव, धंदा, नावं बदलेन. बाकी बदलणार नाही.)

एका बाईला तिचा भाऊ बाळकुमहून घेऊन आला. बरेच दिवस ती बोलत नव्हती. घरच्यांनी सगळं करून बघितलेलं, रागावून, गोंजारून, अंगारा लावून. मॅडमनी भावाला बाहेर बसवलं आणि तिच्या समोर न बसता शेजारी जाऊन बसल्या. काहीच विचारलं नाही. आम्ही तिघी ट्रेनी भिंतीला लागून उभ्या. मला वाटलं, आता विचारतील. नाही विचारलं. माझ्या पायाला मुंग्या आल्या. ती बाई मधेच ओठ उघडायची आणि मिटायची. मॅडम तिच्याकडे बघायच्या, मग वर बघायच्या.

मग त्या उठल्या आणि पंखा बंद केला.

उकाडा इतका, की आमच्या पाठी लगेच भिजल्या. पाती पूर्ण थांबेपर्यंत ती बाई वरच बघत होती. थांबली तशी तिने श्वास सोडला. म्हणाली, "गप्प झाल्या."

"कोण?" मॅडमनी अगदी हळू विचारलं.

"त्यातल्या बाया. मी बोलले की वेडावून दाखवतात. मग मी बोलायचं सोडलं."

आणि ती बोलायला लागली, वल्लरी. बंद नळ सुटावा तशी. त्या घामाने भिजलेल्या खोलीत कुणी जागचं हललं नाही. आपण हे पुस्तकात वाचलेलं. एखादा खरा आवाज चालू असेपर्यंतच ऐकू येणारे भास, दोन ओळींची व्याख्या, परीक्षेला हमखास येणारी. त्या दोन ओळींच्या आत एक बाई इतके दिवस बसून असते, हे मला माहीत नव्हतं.

नंतर मॅडम म्हणाल्या, "तुम्ही तिघी तिच्या तोंडाकडे बघत होतात. ती कुठे बघते ते बघायचं."

घरी आले तेव्हा आमच्या स्वयंपाकघरात पंखा गरगरत होता आणि खाली आजी भाकरी थापत होती. मी दारातच उभी राहिले. माणसाच्या आत इतकं चाललेलं असू शकतं आणि तो समोर बसून भाकरी थापत असतो. मला आजीशी एकदम आदराने बोलावंसं वाटलं. ती म्हणाली, "काय गं, भूत बघितलंस काय?"

प्रियांका


कल्याण पूर्व
११ फेब्रुवारी २०२४

वल्लरी,

पंख्याची गोष्ट सांगितली तेव्हा एक गोष्ट मी तुझ्यापासून लपवली. त्या दिवशी मी मॅडमकडे कोर्स सोडतेय हे सांगायला गेले होते.

त्याच आठवड्यात एका बाईने मला तिचं बाळ कसं गेलं ते सांगितलेलं. ती कोरड्या डोळ्यांनी सांगत होती आणि मीच रडायला लागले. इतकी, की तीच मला पाणी द्यायला उठली. मॅडमनी मला बाहेर पाठवलं. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मला वाटलं, आपण इथल्या नाहीच. मी दोन दिवस जेवले नाही. आई म्हणाली, झेपत नसेल तर सोड, तुझ्या जिवापेक्षा मोठं काय आहे?

ऑफिसात जाऊन विचारून आले. तीस सप्टेंबरच्या आत सोडलं तर काय होतं? तिथल्या बाईंनी कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि म्हणाल्या, "काही नाही, तुमच्या जागी ओपनच्या वेटिंगमधली पहिली येईल." आणि तुझं नाव वाचून दाखवलं. पूर्ण नाव, आडनावासकट.

मी तिथून मॅडमना शोधत वॉर्डात गेले. मॅडम त्या न बोलणाऱ्या बाईशेजारी जाऊन बसत होत्या. मला खुणेने म्हणाल्या, भिंतीजवळ उभी राहा. मी उभी राहिले. मग पंखा बंद झाला.

त्यानंतर मी सोडायचं कुणाला बोललेच नाही. मी ते बघितलं होतं आणि आता मला ते यायला हवं होतं, बस. तुला जागा मिळावी म्हणून सोडावं असं मात्र तेव्हाही वाटलं नाही आणि नंतरही नाही. तुला हे लागेल. पण एकदा खरं लिहायला घेतलं की सोयीचं तेवढंच लिहिता येत नाही. पाच महिने मॅडम हेच शिकवतायत.

प्रियांका


ठाणे, हॉस्पिटलचं कॅन्टीन
२४ नोव्हेंबर २०२४

वल्लरी,

मधे बरेच महिने लिहिलं नाही. आपल्या वर्गातला संदेश भेटलेला, तो म्हणाला तू एका शाळेत समुपदेशक म्हणून लागलीयस. मुलं तुला सोडत नाहीत म्हणाला. ते मला न सांगताही कळलं असतं.

मी दुसऱ्या वर्षाला. सध्या मेंदूविकारांच्या वॉर्डात नेमणूक आहे. लकवा, अपघात, गाठी. इंजेक्शनं देणारे वेगळे. आम्ही बघायचं की त्या माणसाचं लक्ष, आठवण, भाषा यातलं काय उरलंय आणि काय गेलंय.

एका पेशंटबद्दल तुला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. त्यांना महिपतराव म्हणू. टिटवाळ्याचे, वीज मंडळातून रिटायर झालेले लाइनमन. बायको रखमाबाई. गाव, धंदा, नावं बदललीयत. हात मात्र खरा आहे.

त्यांच्या मेंदूच्या उजव्या बाजूचा रक्तपुरवठा बंद पडला. डावा हात, डावा पाय गेला. बोलणं शाबूत, हिशेब पक्का, थट्टा-मस्करी चालू. मी फुलाचं चित्र समोर ठेवलं, म्हटलं, बघून काढा. उजवीकडच्या पाकळ्या त्यांनी सुबक काढल्या. डावीकडे कोरा कागद.

"झालं, काका?"

"झालं की."

घड्याळ काढायला सांगितलं तर बारापासून अकरापर्यंत सगळे आकडे उजव्या अर्ध्यात दाटीवाटीने बसवले. जेवताना ताटाच्या उजवीकडचं संपवतात आणि रखमाबाईंवर चिडतात, डाळ का नाही आणलीस म्हणून. वाटी डावीकडे असते. त्यांचे डोळे चांगले आहेत, वल्लरी. डावी बाजू दिसत नाही असं नाही, त्यांच्यासाठी ती जगातच नाही. आणि काही गेलंय असं त्यांना वाटतही नाही. रखमाबाईंनी मात्र आपल्या आपण युक्ती काढलीय. काही बोलत नाहीत, ताट फिरवतात. मग काका म्हणतात, "आत्ता कशी आणलीस?"

मग मी त्यांचा डावा हात उचलला आणि उजवीकडे, त्यांच्या डोळ्यांसमोर धरला.

"काका, हा हात कुणाचा?"

"भिवाचा."

"भिवा कोण?"

"धाकटा भाऊ माझा."

"ते इथे आलेत?"

"नाही, तो गावाला असतो."

"मग त्यांचा हात इथे कसा?"

ते वैतागले. "आता ते त्याला विचारा. लहानपणापासून असाच आहे तो. वस्तू कुठेही टाकतो."

खोटं बोलत नव्हते. वेडही लागलेलं नव्हतं. रखमाबाईंनी मला दाराशी गाठून तेच विचारलं, आमच्या ह्यांना वेड लागलं का, ताई? मी सांगितलं, नाही लागलं. हाताची खबर त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. आपल्या अंगाला चिकटलेला हात आपला नाही म्हटलं की तो कुणाचा तरी असायला हवा, म्हणून त्यांच्या मनाने माणूस शोधला. त्यांनी थोडा विचार केला. मग म्हणाल्या, "शोधून हा शोधला? सासूबाई गेल्यापासून दोघं बोलत नाहीत. घरावरून."

मी धावत मॅडमकडे गेले. मला केवढं काय काय म्हणायचं होतं. मॅडमनी ऐकून घेतलं. "प्रियांका, अर्थ लावू नकोस. मेंदूच्या एका तुकड्याला रक्त मिळालं नाही. तेवढंच लिही."

"पण मॅडम, भिवाच का?"

"ते मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "कुणालाच माहीत नाही." आणि त्यांचा चेहरा त्या दिवशी पंखा थांबल्यावर होता तसाच थक्क झाला. इतकी वर्षं काम करून त्यांनाही अजून तसंच होतं, हे मला तेव्हा दिसलं.

प्रियांका


ठाणे
१५ डिसेंबर २०२४

वल्लरी,

भिवा आला.

आमचं कुणाचं काही चाललं नाही त्यात. रखमाबाईंनीच गावाला फोन केला. काय सांगितलं कोण जाणे.

साठी ओलांडलेला माणूस, पांढरा शर्ट, हातात कापडी पिशवी. वॉर्डाचं दार महिपतरावांच्या पलंगाच्या डावीकडे आहे. भिवा आत आला आणि तिथेच, डाव्या अंगाला उभा राहिला. म्हणाला, "दादा."

महिपतरावांनी आवाज ऐकला आणि मान झटकन उजवीकडे, खिडकीकडे वळवली. "भिवा? कुठायस रे?"

भिवाला वाटलं, तोंड फिरवलं. त्याचा चेहरा असा उतरला की मला बघवेना. "अजून तसाच आहे," असं रखमाबाईंना म्हणाला. पिशवी खाली ठेवली आणि दाराकडे वळला.

मी मधे गेले. तेव्हा मी कुणाला विचारलं नाही, मॅडमनाही नाही. म्हटलं, "काका, थांबा. ते तोंड फिरवत नाहीयेत. त्यांना ही बाजूच नाही. तुम्ही उभे आहात ती जागाच त्यांच्यासाठी नाही. इकडून या."

त्याला काही कळलं नाही, पण तो आला. मी त्याला पलंगाला वळसा घालून खिडकीच्या बाजूला नेलं. महिपतरावांच्या नजरेत तो एकदम, हवेतून यावा तसा आला असणार.

"कधी आलास?"

"आत्ताच."

"उशीर केलास. तुझा हात कधीचा माझ्याकडे पडलाय. घेऊन जा तो."

भिवाने माझ्याकडे बघितलं. शिकवलेलं सगळं मला आठवत होतं आणि त्यातलं काहीच कामाचं नव्हतं. मग तो पलंगावर वाकला आणि भावाच्या पलीकडून तो लुळा हात दोन्ही हातांत उचलून घेतला. अंगठ्याने बोटं चोळायला लागला.

"नेतो की," म्हणाला. "पण राहू दे जरा तुझ्याकडे. माझ्या घरी जागा कुठाय?"

महिपतराव हसले. भिवाही हसला. घराचंच भांडण होतं ना दोघांचं. रखमाबाई तोंडाला पदर लावून बाहेर निघून गेल्या.

मी रिपोर्ट लिहिला. लक्ष, आठवण, भाषा, डाव्या बाजूचं दुर्लक्ष, शरीराच्या अवयवाबद्दल चुकीची समजूत. शेवटच्या पानावर भिवाबद्दल दोन ओळी होत्या. मॅडमनी वाचलं आणि पहिल्यांदाच काही खोडलं नाही.

प्रियांका


कल्याण पूर्व
६ जुलै २०२५

वल्लरी,

काल तू तिथे होतीस, तरी लिहितेय. मला ते सगळं नीट, घडलं तसं लिहून ठेवायचंय.

नव्या बॅचच्या मुलाखतींना आम्हा तिसऱ्या वर्षाच्यांना कागद तपासायला बसवतात. एमएची गुणपत्रिका, लेखी परीक्षेचं हॉलतिकीट, शिफारसपत्रं. पुढचे कागद आले आणि त्यावर तुझं नाव होतं. मी मान वर केली नाही. शिक्के बघितले, टाचणी लावली आणि म्हटलं, "तिकडे बसा." तुला म्हटलं, बसा.

तू बसली नाहीस. टेबलासमोर उभी राहून विचारलंस, "भिवा परत आला?"

म्हणजे पत्रं पोचली होती.

"दर रविवारी टिटवाळ्याला येतो, तपासणीला आल्या की रखमाबाई सांगतात," मी म्हटलं. "मालिश करतो. आता काका म्हणतात, हात माझाच आहे, पण ऐकत नाही. आणि घरावरून अजून भांडतात. पण एकमेकांच्या तोंडावर भांडतात."

तू हसलीस. मग पॅसेजमध्ये, पाण्याच्या कूलरजवळ आपण उभ्या होतो तेव्हा म्हणालीस, "तू गेल्या वर्षी फेब्रुवारीत लिहिलेलंस ना, सोडलं असतंस तर ओपनची पहिली म्हणून मी आले असते. तेव्हा मला कळलं. तुझी सीट ओपनची होती."

"हो."

"मला माहीत नव्हतं गं."

आणि मी विचारलं, "आणि नसती तर?"

तेवढ्यात तुझं नाव पुकारलं आणि तू आत गेलीस. मुलाखतीच्या दारात मी तुला असं विचारायला नको होतं, असं वाटत मी टेबलावर बसून राहिले. पुढच्या दोघांचे कागद चुकीचे लावले. पण प्रश्न मागे घ्यावासा वाटला नाही. जागा राखीव असती तर तुझं ते वाक्य खरं ठरलं असतं का? मग मी या वॉर्डात उभी राहिले ते कमी झालं असतं का? माझ्या चाळीत इतक्या मुली हुशार आहेत, आणि त्यातल्या ज्या कुठे पोचल्या त्या राखीव जागेवरून पोचल्या. त्यांच्या बाजूने मी विचारलं होतं.

मुलाखत झाल्यावर तू घरी जाशील असं वाटलेलं. पाच वाजता मी टेबल आवरलं तेव्हा तू कूलरशेजारच्या बाकावर बसलेली होतीस.

"नसती तरी तुझीच होती," म्हणालीस. "मी हे दोन वर्षांपूर्वी म्हणायला हवं होतं. पण मला तेव्हा असं वाटायचं की माझं काहीतरी गेलं आणि ते कुणीतरी नेलं. कुणी नेलं ते शोधायची घाई झालेली."

मी शेजारी बसले. मग तू विचारलंस, "विसरलीस का?" आणि मी म्हटलं, चल, उशीर झाला, आणि आपण बसस्टॉपवर गेलो. त्या प्रश्नाचं उत्तर राहिलं, म्हणून हे पत्र.

नाही विसरले. विसरेन असंही वाटत नाही. आई-पप्पांनी आयुष्यभर ते वाक्य वेगवेगळ्या तोंडांतून ऐकलंय. तुझ्या तोंडून येईल असं मला वाटलं नव्हतं, म्हणून ते जास्त आत गेलं. पण गेली दोन वर्षं जे जे अचाट बघितलं, ते प्रत्येक वेळी पहिलं तुलाच सांगावंसं वाटलं. तेही तितकंच खरं आहे. दोन्ही राहतील, आणि तुला दोन्ही ठेवून माझ्याशी बोलावं लागेल. मला वाटतं तुला ते जमेल.

यादी बुधवारी लागते. आत काय झालं ते मला माहीत नाही आणि मी विचारणारही नाही. नाव नसलं तर पुढच्या वर्षी परत बस, मी तुझी खोटी मुलाखत घेईन, तुमच्याच गॅलरीत. असलं तर एवढंच सांगून ठेवते. पहिल्या आठवड्यात तुला एका छोट्या खोलीत बसवतील. समोर एक माणूस येऊन बसेल. तो तुला ओळखत नसेल, तुझं नावही त्याला माहीत नसेल. आणि जे त्याने आजवर घरात कुणालाही सांगितलेलं नाही, ते तो तुला सांगायला सुरुवात करेल. तुझ्या पोटात गोळा येईल. माझ्या अजून येतो. मॅडमना विचारलं, तुमच्या कधी यायचा थांबला? त्या म्हणाल्या, "ज्या दिवशी थांबेल त्या दिवशी मी घरी बसेन."

प्रियांका